दुष्काळात टिकणारा मका : बियाणं घडतं कसं आणि आपण ते पारखायचं कसं

मैत्रिणींनो, मृग जवळ आला की गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी वाढते. त्यातला मोठा भाग बी-खतासाठी असतो. कपाशी, सोयाबीनबरोबर आता मकाही बऱ्याच जणी लावतात. पोल्ट्रीला मागणी आहे, जनावरांना चारा होतो, मुरघास करता येतो. दुकानात गेलं की मक्याच्या पाच-सात कंपन्यांच्या पिशव्या समोर येतात. त्यातल्या दोन-तीन पिशव्यांवर 'कमी पाण्यात येणारा', 'दुष्काळ सहन करणारा' असं छापलेलं असतं. भाव मात्र जास्त. घ्यावं की नाही? दुकानदार सांगतो ते खरं की शेजारीण सांगते ते?

या लेखात दोन गोष्टी बघू. दुष्काळात तग धरणारा मका शास्त्रज्ञ कसा तयार करतात ही पहिली. आपल्या गटाला एका गुंठ्यात तो कसा तपासता येतो ही दुसरी. पहिली कळली की दुसरी सोपी जाते.

मक्याचा नाजूक आठवडा

मक्याचं पीक तीन-साडेतीन महिन्यांचं. पाण्याचा ताण कधीही पडला तरी नुकसान होतंच, पण एक काळ फार नाजूक असतो. तुरा बाहेर पडतो आणि कणसाला रेशमासारखे केस फुटतात, तो काळ.

मक्याच्या ताटावर नर फूल वर असतं आणि मादी फूल खाली. वरचा तुरा म्हणजे नर. तो पिवळी भुकटी सोडतो, ते पराग. खाली बगलेत कणीस असतं आणि त्याच्या टोकाला केस येतात. हे केस उगीच नसतात. प्रत्येक केस आतल्या एका दाण्याला जोडलेला असतो. केसावर पराग पडला तर तो दाणा भरतो. नाही पडला तर ती जागा रिकामी राहते. अर्धं भरलेलं, टोकाला बोडकं कणीस आपण सगळ्यांनी पाहिलंय. ते असं होतं.

पाऊस ठीक असला की तुरा फुटल्यावर दोन-तीन दिवसांत केस बाहेर येतात. पाणी तुटलं की तुरा वेळेवर येतो, पण केस अडून बसतात, कारण केस वाढायला भरपूर ओलावा लागतो. मग हे अंतर आठवड्याचं किंवा त्याहूनही जास्त होतं. तोवर तुऱ्यातले पराग झडून जातात. उन्हात पराग काही तासच जिवंत राहतो. म्हणजे नवरदेव येऊन गेला आणि नवरी अजून मांडवात आलीच नाही, अशी गत होते.

आपल्याकडे जूनच्या शेवटी पेरलेल्या मक्याला ऑगस्टमध्ये तुरा येतो आणि पावसाचा खंडही अनेकदा तेव्हाच पडतो. ऑगस्ट २०२३ आठवा. १९०१ पासून नोंदी आहेत, त्यात देशातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मका ताटाला हिरवा दिसत होता, तरी कणसं भरली नाहीत असं पुष्कळ ठिकाणी झालं.

मुद्दाम पाणी तोडून केलेली निवड

मका मूळचा मेक्सिकोचा. तिथेच 'सिमिट' ही गहू आणि मक्यावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. १९६६ साली ती स्थापन झाली. १९७०च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी एक साधी पण धाडसी पद्धत सुरू केली.

तोवर सगळीकडे वाण निवडायचे ते चांगल्या जमिनीत, भरपूर पाणी-खत देऊन. जो जास्त पिकेल तो पहिला. पण चांगल्या वर्षात पहिला येणारा वाण वाईट वर्षात पहिला येईलच असं नसतं. म्हणून त्यांनी पावसाचा थेंब पडत नाही अशा हंगामात मका पेरला. सुरुवातीला पाणी दिलं आणि तुरा यायच्या आधी मुद्दाम बंद केलं. शेकडो ओळींतून ज्या ताटांना अशा ताणातही केस वेळेवर आले आणि कणीस भरलं, ती निवडली. त्यांचा आपसात संकर केला, पुन्हा पेरलं, पुन्हा पाणी तोडलं, पुन्हा निवडलं. 'तुश्पेन्यो' नावाच्या मक्यावर अशा आठ फेऱ्या झाल्या.

मग त्यांनी मोजमाप केलं तेव्हा नवल दिसलं. सुधारलेला मका जमिनीतून जास्त पाणी ओढत नव्हता. ताटाचं एकूण वजनही फारसं वाढलं नव्हतं. फरक वाटणीत होता. तुरा लहान झाला होता, ताट थोडं बुटकं झालं होतं आणि तिथे वाचलेलं अन्न कणसाकडे गेलं होतं. बिनकणसाची ताटं कमी झाली होती. तुरा आणि केस यांतलं अंतर कमी झालं होतं.

हे आपल्याला चटकन समजेल. उत्पन्न तेवढंच, पण कशावर आधी खर्च करायचा हे ठरलं की घर चालतं. दुष्काळ सहन करणारा मका म्हणजे बिनपाण्याचा मका नव्हे. आहे त्या पाण्यात कणसाचा वाटा आधी बाजूला काढणारा मका.

दुष्काळ पडला आफ्रिकेत

ही पद्धत सर्वांत जास्त कामाला आली ती आफ्रिकेत. तिथल्या दक्षिण आणि पूर्व भागात मका हेच रोजचं जेवण आहे. केनियात त्याच्या पिठाचा घट्ट गोळा करतात, त्याला 'उगाली' म्हणतात. झिंबाब्वेत तोच पदार्थ 'साद्झा' आणि मलावीत 'न्सिमा'. आपली भाकरी तशी त्यांची ही. शेती बहुतेक पावसावरची आणि राबणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने.

१९९१-९२ साली दक्षिण आफ्रिका खंडात भीषण दुष्काळ पडला. मका गेला आणि बाहेरून धान्य आणावं लागलं. त्यानंतर ताण सहन करणाऱ्या वाणांच्या कामाने जोर धरला. झिंबाब्वेत मारियान बेंझिगर या महिला शास्त्रज्ञांनी हे काम पुढे नेलं. तिथल्या चिरेद्झी भागात कोरड्या हंगामात मका लावायचा, सिंचनाचं पाणी मोजून द्यायचं आणि फुलोऱ्याला बंद करायचं. केनियात किबोको नावाच्या कोरड्या भागातल्या केंद्रावरही असंच काम चालतं.

पाण्याच्या जोडीला आणखी एक परीक्षा ठेवली. काही शेतांत वर्षानुवर्षं नत्र खत न टाकता पीक घेऊन जमीन मुद्दाम उपाशी ठेवली आणि तिथेही तेच वाण लावले. कारण उघड आहे. ज्या बाईकडे पाणी नाही तिच्याकडे बहुधा युरियाची गोणीही नसते. दोन्ही परीक्षांत टिकेल तो वाण तिच्या कामाचा.

या कामातून सुरुवातीला 'झेडएम ५२१' सारखे वाण आले. त्यांचं बी घरी राखून पुन्हा पेरता येतं. पुढे २००७ पासून आफ्रिकेतल्या १३ देशांत मोठा प्रकल्प चालला आणि त्यातून दीडशेहून जास्त दुष्काळ सहन करणारे वाण आले. मध्यम दुष्काळात नेहमीच्या वाणांपेक्षा २० ते ३० टक्के जास्त उत्पादन, हे त्या प्रकल्पाचं सांगणं. 'मध्यम' हा शब्द लक्षात ठेवा. पाऊस अजिबात आलाच नाही तर कोणताही वाण वाचत नाही. उगवल्यावर लगेच पंधरा दिवस पाणी मिळालं नाही तर दुबार पेरणी करावीच लागते.

आई-बाळ चाचणी

संशोधन केंद्रावर वाण पास झाला, म्हणजे शेतात पास झाला असं नाही. केंद्रावर तण वेळेवर काढतात, जनावरं शिरत नाहीत, मजुराची वाट बघावी लागत नाही. आपल्याकडे यातलं सगळंच मागेपुढे होतं.

त्यावर आफ्रिकेत एक छान उपाय निघाला. मलावीत काम करणाऱ्या सिग्लिंड स्नॅप या महिला शास्त्रज्ञांनी तो आधी जमिनीच्या आणि कडधान्याच्या कामात वापरला, नंतर मक्यासाठी घेतला गेला. त्याचं नावच 'आई-बाळ चाचणी'.

गावाच्या मध्यावर, शाळेजवळ किंवा सगळ्यांना येता-जाता दिसेल अशा जागी एक मोठी चाचणी लावायची. ती 'आई'. तिच्यात साधारण डझनभर वाण असतात आणि ते शिफारशीप्रमाणे खत देऊन आणि कमी खतातही लावतात. त्याच गावातल्या काही शेतकरी आपापल्या रानात त्यातले मोजके तीन-चार वाण लावतात. ती 'बाळं'. बाळाला कसं वाढवायचं ते ज्याच्या त्याच्या घरी ठरतं. खत परवडेल तेवढं, निंदणी जमेल तशी. शेवटी सगळे एकत्र येऊन आईच्या आणि बाळांच्या वजनाची तुलना करतात आणि कोणता वाण आवडला, का आवडला, ते बोलतात.

एकाच्या शेतात एखादा वाण पहिला आला तर तो योगायोग असू शकतो. पण दहा जणींच्या हलक्या-भारी रानांत तोच वाण पहिल्या-दुसऱ्या नंबरावर राहिला तर तो भरवशाचा.

उखळ बघितल्याशिवाय वाण ठरू नये

वजनाशिवायही काही असतं, हे मलावीतल्या बायकांनी शास्त्रज्ञांना शिकवलं. तिथे जास्त पिकणारे हायब्रीड मके दिले गेले, पण घरी खायला बायका आपला जुना गावरान मकाच पेरत राहिल्या. अडाणी म्हणून नव्हे. हायब्रीडचा दाणा मऊ होता. उखळात कांडताना तो फुटून चुरा व्हायचा, कोंड्याबरोबर पीठही वाया जायचं आणि साठवणीत लवकर सोंडे लागायचे. गावरान दाणा कठीण होता. तो नीट कांडला जायचा आणि टिकायचा. पोत्यामागे जास्त उत्पादन हिशोबात दिसत होतं, पण कांडून, साठवून हातात उरलेलं पीठ कोणी मोजलं नव्हतं.

हे लक्षात आल्यावर तिथल्या संशोधकांनी कठीण दाण्याचे हायब्रीड तयार केले. १९९० साली 'एमएच १७' आणि 'एमएच १८' हे वाण आले आणि बायकांनी ते उचलले.

आपल्याकडेही हेच आहे. सातपुड्यात, नंदुरबारकडे मक्याची भाकरी रोजची आहे. तिथे भाकरी थापली जाते का, चवीला कशी, हे बघावं लागतं. धडगाव भागात तिथल्या शेतकऱ्यांनी 'बाएफ' संस्थेसोबत मक्याचे गावरान वाण जपलेही आहेत. जालना, संभाजीनगरकडे बहुतेक मका विकायला जातो, पण चारा घरच्या गाई-शेळ्यांना लागतो. ताट शेवटपर्यंत हिरवं राहतं का? कणसावरची पानं टोकापर्यंत झाकलेली आहेत का, की पाऊस आणि पाखरं आत शिरतात? कणीस हाताला येईल इतक्या उंचीवर आहे का? हे प्रश्न पिशवीवर छापलेले नसतात. ते विचारायचे आपण.

आपल्या देशात काय चाललंय

भारतात मक्याचं समन्वित संशोधन १९५७ पासून सुरू आहे. देशभरातल्या केंद्रांवर एकच वाण एकाच वेळी लावून तपासतात. महाराष्ट्रात कोल्हापूरला राहुरी कृषी विद्यापीठाचं मक्याचं केंद्र आहे. चाऱ्यासाठी आपण लावतो तो 'आफ्रिकन टॉल' तिथलाच. 'सिमिट'चं आशियाचं काम हैदराबादजवळून चालतं. तिथून २०१२ नंतर उष्णता सहन करणाऱ्या मक्याच्या कामाला जोर आला. आपल्या सोलापूरला लागून असलेल्या कर्नाटकात, रायचूरच्या कृषी विद्यापीठाने या कामातून संकरित वाण काढला. म्हणजे वाण येत आहेत. आपल्या शिवारात कोणता चालतो, एवढं शोधणं आपल्याकडे राहतं.

गटाची एक गुंठ्याची चाचणी

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. दोन फुटांवर ओळ धरली तर १६ ओळी बसतात. चार वाण, प्रत्येकाच्या चार ओळी. हिशोब बरोबर जमतो.

१. वाण ठरवा. तीन नवे आणि एक आपला नेहमीचा. नेहमीचा वाण नसेल तर तुलना कशाशी करणार? एक पिशवी घेऊन पाच-सहा जणींनी वाटून घ्यावी. प्रत्येक वाणाचं पाव किलो बी एका गुंठ्याला पुरून उरतं. बियाण्याला लाल-गुलाबी औषध लावलेलं असतं ते विषारी आहे. हाताला पिशवी किंवा हातमोजे घाला. उरलेलं बी दळायचं नाही, कोंबड्यांनाही टाकायचं नाही.

२. जागा एकसारखी निवडा. अर्धा गुंठा बांधाच्या सावलीत आणि अर्धा उन्हात असं नको. झाडाजवळ, उकिरड्याच्या जुन्या जागेवर नको. आपलं बाकीचं रान जसं आहे तशीच जागा घ्या. मुद्दाम भारी जमीन घेतली तर स्वतःचीच फसवणूक.

३. सगळ्यांना सारखी वागणूक. चारही वाण एकाच दिवशी पेरा. ओळीत आठ इंचांवर टोकण, उगवल्यावर एका जागी एकच रोप. खत, निंदणी, लष्करी अळीची फवारणी चारही वाणांना सारखी आणि एकाच दिवशी. बाकी तुम्ही एरवी करता तसंच करा.

४. काठीला पाटी लावा. वाणाचं नाव पाटीवर आणि वहीतही. पाटी वाऱ्याने जाते, वही राहते.

५. चार नोंदी ठेवा. निम्म्या ताटांना तुरा आला ती तारीख. निम्म्या ताटांना केस आले ती तारीख. पाऊस किती दिवस नव्हता. दुपारी पानांची सुरळी कोणत्या वाणाची जास्त झाली. कृषी सखी किंवा दहावी शिकलेली लेक ही वही सहज सांभाळेल. तुरा आणि केस यांतलं अंतर ज्याचं कमी, तो वाण ताणात बहुधा सरस ठरतो. ही परीक्षा आपल्या डोळ्यांना दिसते, तिला यंत्र लागत नाही.

६. मधल्या दोन ओळीच मोजा. कडेच्या ओळींना शेजारच्या वाणाचा त्रास किंवा फायदा होतो, म्हणून त्या सोडायच्या. आधी ताटं मोजा, मग कणसं मोजा. पन्नास ताटांना चाळीसच कणसं असतील तर दहा ताटं वांझ गेली. कणसं वाळवा, दाणे काढा, चारही वाण सारखेच वाळल्यावर वजन करा. ओल्या आणि वाळलेल्याची तुलना चालत नाही.

७. एकराचा हिशोब. मधल्या दोन ओळी म्हणजे १३२ चौरस फूट. एकरात असे ३३० तुकडे बसतात. समजा त्या दोन ओळींतून ४ किलो दाणे निघाले, तर ४ गुणिले ३३० म्हणजे १,३२० किलो, साधारण १३ क्विंटल एकरी. ५ किलो निघाले तर साडेसोळा क्विंटल. किलोभराचा फरक एकरी सव्वातीन क्विंटलांवर जातो. बाजारभावाने त्याचे पैसे प्रत्येकीने स्वतः काढून बघावेत.

८. एकत्र बसून निकाल लावा. निदान पाच-सहा जणींनी ही चाचणी लावावी. ग्रामसंघाच्या बैठकीत सगळ्या वह्या समोर ठेवा. ज्यांचं रान हलकं, मुरमाड, त्यांचे आकडे वेगळे लिहा. भारी रानात पहिला आणि मुरमाडात शेवटचा आलेला वाण कोरडवाहूवालीने घेऊ नये. मग चारा, दाणा, भाकरी यांबद्दल बोला. प्रत्येक वाणाला खडे टाकून मत द्या. वजन आणि मत, दोन्ही बघून ठरवा. एका वर्षात पक्का निकाल लागत नाही. पाऊस चांगला झाला तर ताणाची परीक्षाच झाली नाही. दोन हंगाम तरी बघा.

बी घेताना आणि राखताना

हायब्रीडचं बी घरी राखून पुन्हा पेरू नका. पुढच्या वर्षी ताटं उंच-बुटकी येतात आणि उत्पादन घटतं. 'मांजरी', 'आफ्रिकन टॉल' यांसारख्या संमिश्र वाणांचं बी मात्र राखता येतं. त्यासाठी कणसं रानाच्या मधोमधची निवडा, कारण मक्याचे पराग वाऱ्याने उडतात आणि कडेला शेजारच्या वाणाची भेसळ होते. चार-दोन मोठी कणसं घेऊन भागत नाही, निरोगी शंभरेक ताटांची कणसं घ्या. वांझ ताटं ज्या भागात कमी, त्या भागातली घ्या.

विकत घेताना पिशवीवर वाणाचं नाव, लॉट नंबर, तपासणीची आणि मुदत संपण्याची तारीख बघा. मक्याची उगवण किमान ९० टक्के हवी. घरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवा आणि किती उगवले ते मोजा. पावती, पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि मूठभर बी कापणीपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करताना हेच पुरावे लागतात. 'पावती नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून बी घेऊ नका.

बियाण्याची पिशवी घेताना आपण कर्ज काढतो आणि फेडतो आपणच. मग पसंतीही आपलीच असावी. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या : कोण कोण एक गुंठा देणार, कोणते तीन वाण आणायचे, वही कोण ठेवणार. तीन नावं आणि एक वही, एवढ्यावर सुरुवात होते.